फेरारोंचा क्रूस

९ मे

बाचिचाची कंबर गेली. तीस वर्षं ज्याने आमच्या वाल्नेरा गावाचा ख्रिस्त हात न लावता पेलला, तो माणूस जावयाचं कपडे धुण्याचं यंत्र जिन्यावरून चढवताना आडवा झाला. मी भेटायला गेलो तेव्हा डॉक्टर सांगत होते, "यापुढे पावाच्या लादीपेक्षा जड काही उचलायचं नाही."

"आणि बायकोला?" बाचिचाने विचारलं.

"आता तीच तुम्हाला उचलेल."

सगळे हसले. मग सगळ्यांना एकदमच आठवलं आणि हसू विरलं. बाचिचा फेरारो हा आमचा शेवटचा क्रूसकरी. त्याचा जोडीदार, म्हणजे चुलतभाऊ, हिवाळ्यातच वारला. गावात फेरारो अजून पुष्कळ आहेत, पण एक तर बायका, नाही तर म्हातारे, नाही तर जेनोव्हाच्या कचेऱ्यांत बसणारे, ज्यांना खुर्ची पुढे ओढली तरी धाप लागते.

आमच्या या लिगुरियाच्या डोंगरात गाव कितीही फाटकं असो, त्याचा मिरवणुकीचा ख्रिस्त भरभक्कम असतो. क्रूस माणसाच्या दुप्पट उंच, टोकांना चांदीच्या पानाफुलांचे झुबके. क्रूसकऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याला पुढे चामड्याची वाटी असते. क्रूसाचं बूड त्या वाटीत, बाकी सगळं आभाळात, आणि दोन्ही हात मोकळे. हात लावला तर वर्षभर पोरंसोरं चिडवतात. एक थकला की त्याच्या वाटीतून क्रूस काढून दुसऱ्याच्या वाटीत ठेवतो तो पालटकरी. मी पालटकरी. वडीलही तेच होते.

पेलायचा मान मात्र फेरारोंचा. क्रूसाच्या पोटातली लोखंडी सळई त्यांच्या लोहार पूर्वजाने घडवली, म्हणून. मी दियोतालेवी. माझ्या पणजोबांना कोणीतरी लोहारशाळेच्या ओट्यावर ठेवून गेलं, तेव्हा पाद्रीबाबांनी हे आडनाव लावलं. त्याचा अर्थ, देव तुला वाढवो. देवाने वाढवलं. तक्रार नाही.

१२ मे

प्रार्थनाघरात क्रूस सांभाळणाऱ्या बंधुमंडळाची बैठक. फादर प्लाचिदो पाच गावं सांभाळतात, त्यामुळे ते घड्याळाकडे बघतच क्रूसाची खूण करतात. म्हणाले, यंदाच्या सणाला ख्रिस्त बाहेर निघाला नाही, तर बिशपांच्या कचेरीतले लोक तो शहरातल्या संग्रहालयात नेणार आहेत. काचेत ठेवतील. हवासुद्धा मोजून सोडतात म्हणे.

मी विचारलं, "तिथे त्याच्यासमोर दिवा लावता येईल का?"

"दिवा? अहो, तिथे धुराची घंटा असते."

मला पुढचं काही वेळ नीट ऐकू आलं नाही.

मग फादर प्लाचिदो माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, "दुसऱ्या कोणाला पेलू द्या. हा नाझारिओ आहे की."

मंडळाचे प्रमुख ओत्ताविओ फेरारो उठले. निवृत्त नोटरी. पदवीधर, म्हणून सगळे त्यांना दोत्तोरे म्हणतात. तसं म्हटलं नाही तर ते वळून बघत नाहीत. म्हणाले, "नाझारिओ चांगला माणूस आहे. पण आज म्हणाल चांगल्या माणसाला पेलू द्या. उद्या चांगली माणसंच पेलू लागतील. मग नियमाला काय अर्थ राहिला?"

मला ते पटलं. फादर प्लाचिदोंना पटलं नसावं, पण त्यांना पुढच्या गावी मिस्साची प्रार्थना होती.

"फेरारो संपत नसतात!" असं म्हणून दोत्तोरेंनी भिंतीवर युरोपाचा नकाशा लावला. वाल्नेरावर टाचणी, आणि तिथून चहूकडे लाल लोकर. त्यांचं म्हणणं असं : फेर्रो म्हणजे लोखंड, फेरारो म्हणजे लोहार. रोमन फौजेतला एक लोहार आमच्या गावी स्थायिक झाला. त्याची मुलं हातोडा घेऊन जगभर गेली. स्पेनमध्ये त्यांना हेरेरो म्हणू लागले, कातालोनियात फेरेर, पोर्तुगालात फेरेइरो, फ्रान्समध्ये लफेव्र.

"लफेव्र?" बाचिचाच्या बायकोने विचारलं. "यात लोखंड कुठं आहे?"

"फ्रेंचांनी हरवलं," दोत्तोरे म्हणाले. "पण अर्थ लोहारच. रक्त एकच!"

ठराव झाला. लोहार-नावाच्या सगळ्या बांधवांना सणाला बोलवायचं, आणि त्यांतल्या धडधाकटांनी क्रूस पेलायचा.

२० मे

दोत्तोरेंच्या बागेची भिंत ढासळली आहे. चुना न लावता दगडावर दगड रचणं हा माझा धंदा, म्हणून तिथे जातो. त्यांच्या आईला, पालमिराआजींना, सांभाळायला रुमानियाहून आलेली दोइना नावाची बाई आहे. आजी शहाण्णवच्या. दोइना त्यांना पलंगावरून खुर्चीत अशी ठेवते की आजींचा जप तुटत नाही. पालटकरी म्हणून मला ती उचल आवडली, आणि तसं मी तिला म्हणालो. ती लाजली. का, कोण जाणे. मी फक्त गुडघ्यांबद्दल बोललो होतो.

नकाशा आता दिवाणखान्यात आहे. दोइनाने विचारलं, "दोत्तोरे, पूर्वेकडे धागा का नाही?"

"लोकर संपली."

"माझं आडनाव फियेरारू. आमच्याकडेही लोहारालाच म्हणतात."

"योगायोग," दोत्तोरे म्हणाले. "सूप उतू जातंय बघ."

आजींनी मला खिडकीतून पाहिलं आणि हाक मारली, "अरे जेरोनिमो, भट्टी विझली का?" जेरोनिमो म्हणजे त्यांचे आजेसासरे. लोहारशाळा त्यांची. वय झालं की माणसं सरमिसळ होतात.

४ जून

संध्याकाळी क्रूसाला तेल लावलं. हे काम आठवड्यातून तीनदा करतो, लाकूड जुनं आहे. बुडाला तेल लावायचं तर क्रूस त्याच्या लाकडी ठेवणीतून काढावा लागतो. ठेवण कमरेइतकी उंच आहे, त्यामुळे पुढे सरकून गुडघे सरळ केले की झालं. पण काढलेला क्रूस कुठेतरी टेकवायला हवा, म्हणून मी बाचिचाची जुनी वाटी कमरेला बांधतो. तेल मुरेपर्यंत एक अख्खी जपमाळ होते. जपमाळेला दोन्ही हात लागतात, त्यामुळे क्रूसाला हात लावता येत नाही. याला पेलणं म्हणत नाहीत. पेलणं म्हणजे चालणं. तेल सगळीकडे सारखं उतरावं म्हणून मी फक्त वेदीपर्यंत जातो आणि परत येतो.

आज वळलो तर दारात दोइना, हातात फुलं.

"रोज तेल लावता?" तिने विचारलं.

"रोज नाही. लाकूड कोरडं पडतं."

"लाकूड ठीक आहे हो. तुमचं काय?"

मी म्हणालो, माझी तब्येत चांगली आहे. ती फुलं ठेवून गेली. बाई देवभोळी आहे, फक्त क्रूसाची खूण उलट्या खांद्यावरून करते. देव दोन्हीकडून वाचत असावा.

२२ जून

भिंत रचताना विचार येतात. फेरारो, हेरेरो, फेरेर, हे लोक इतके का? आधी वाटलं, पूर्वी लोहार फार असतील. मग वाटलं, सगळेच लोहार असते तर हाक मारल्यावर वळला असता कोण? शेतकऱ्यांच्या गावात लोहार एकच असणार, म्हणून त्याला नुसतं लोहार म्हटलं की भागायचं. गावोगाव असा एकेक. एकमेकांना न ओळखणारे. कुणाचे बाप, आजे एक नाहीत; एक फक्त खिळे, नाल आणि नांगराचा फाळ. आणि शेत नसलेला तो माणूस बहुतेक बाहेरून आलेला असणार. म्हणजे पहिला फेरारो वाल्नेरात परकाच.

दोइनाला सांगितलं. ती म्हणाली, "आमच्या गावात फियेरारूंची तीन घरं. नातं काहीच नाही. लग्नात एकमेकांची डोकी फोडतात, एवढाच संबंध."

दोत्तोरेंनाही सांगितलं. ते म्हणाले, "तू भिंत बांध."

२१ ऑगस्ट

पाहुणे आले. लफेव्र फ्रान्सच्या उत्तरेकडचा, व्यायामशाळेत जाणारा, दंड माझ्या मांडीएवढे. हेरेरो सारागोसाचा दातांचा डॉक्टर. ओरासिओ फेरारो बुएनोस आयर्सचा, त्याचे पणजोबा आमच्याच खोऱ्यातून बोटीने गेले. बाकीचे पन्नासएक जण बायकामुलांसह फोटो काढायला आले आहेत. प्रत्येकाने आल्याबरोबर मिळत्याजुळत्या नावाच्या त्या शर्यतीच्या तांबड्या मोटारगाडीबद्दल विचारलं. दोत्तोरेंनी प्रत्येकाला सांगितलं की ती माणसं वेगळी, आपल्याच रक्ताची, पण पैशाने बिघडलेली.

आज अंगणात ओंडक्यावर सराव. लफेव्रने वाटी बांधली, ओंडका घेतला आणि दोन्ही हातांनी कवटाळला.

"हात सोडा," मी म्हणालो.

"आणि पडला तर?"

"पडू द्यायचा नाही."

"ते कसं?"

मी ओंडका सरळ धरला. त्याने शिरस्त्राण मागितलं. बाचिचा गच्चीत आरामखुर्चीवर आडवा होता, तो ओरडला, "अरे, त्याला म्हणावं, ज्याच्या अंगावर खिळे आहेत तो बिनशिरस्त्राणाचा उभा आहे!" लफेव्रने विमा कोणाचा, असंही विचारलं. मग तो मेणबत्तीवाल्यांत गेला.

हेरेरोने ओंडका बरा पेलला. ओरासिओने तर फारच छान, जणू जन्मापासून तेच करत होता. तो रग्बी शिकवतो. दोत्तोरेंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पाहिलंत? रक्त!"

मलाही आनंद झाला. संध्याकाळी तेल लावताना जरा जास्त वेळ लागला, एवढंच. दोन जपमाळा झाल्या. आता संग्रहालयाची भीती नाही, म्हणून देवाचे आभार मानत होतो. डोळ्यांत तेल गेलं असावं.

२७ ऑगस्ट, सणाचा रविवार

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी ओरासिओच्या वाटीत क्रूस मीच ठेवला. प्रार्थनाघरापासून जुन्या लोहारशाळेपर्यंत चढ आहे, तिथे ओट्यासमोर ख्रिस्ताला तीनदा झुकवायचं आणि परत यायचं. अर्ध्यात, पायऱ्यांच्या आधी, हेरेरो वाट बघत उभा. पांढरा झगा सगळ्यांनाच असतो. माझ्या झग्याखाली बाचिचाची जुनी वाटी बांधलेली होती. पालटताना कमरेला आधार होतो, डॉक्टरही पट्टा बांधा म्हणतात.

ओरासिओ सुरेख चालला. लोक "मोरो! मोरो!" ओरडत होते, आमच्या काळ्या ख्रिस्ताचं ते लाडकं नाव आहे. पायऱ्यांपाशी मात्र त्याचा चेहरा राखेसारखा झाला. ओंडका मुका असतो. क्रूसाची चांदीची पानं प्रत्येक पावलाला थरथरतात आणि तो थरथराट कण्यात उतरतो. "काढा," तो म्हणाला, "पोटरीत गोळा आला, लवकर काढा."

मी काढला. छातीशी धरून हेरेरोकडे वळलो. हेरेरोने वर पाहिलं. त्याने पहिल्यांदाच ख्रिस्ताचं तोंड खालून पाहिलं असावं. क्रूसाची खूण केली, "आई गं" म्हणाला आणि मागे सरकत सरकत बँडच्या मोठ्या ढोलावर बसला.

क्रूस माझ्या हातात, आणि पुढे वाटी नाही. बँड थांबला. दोत्तोरे ओरडत होते, "फेरारो! कोणीतरी फेरारो पुढे या!" पन्नासएक फेरारो, हेरेरो आणि लफेव्र मोबाइल वर धरून उभे होते. एकही हात खाली आला नाही. फादर प्लाचिदो म्हणाले, "टेकवा जमिनीवर, आता काय." वाल्नेराचा ख्रिस्त रस्त्यावर टेकला असं कधी झालेलं नाही.

तेवढ्यात दोइना आजींची चाकाची खुर्ची सोडून आली, आणि सगळ्यांदेखत तिने माझ्या झग्याची बटणं काढली. मी काही म्हणणार, तोच वरून बाचिचाची आरोळी आली : "तेल लाव, नाझा! तेल लाव!"

आणि सगळी गल्ली ओरडू लागली, "तेल लाव! तेल लाव!" त्यांना हे कोणी सांगितलं, मला अजून कळलेलं नाही.

क्रूस वाटीत बसला. मी हात सोडले. पुढचं फारसं आठवत नाही. नमो मरिया म्हणत होतो आणि पाय वर जात होते. ओट्यासमोर तीनदा झुकवला. तिसऱ्यांदा झुकवताना त्याचं तोंड माझ्या अगदी जवळ आलं. एरवी ते मी चिंध्यांनी पुसतो. पालमिराआजी खुर्चीतून म्हणाल्या, "आला बाई जेरोनिमो." दोत्तोरे आईकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. त्यांनी टोपी काढली होती. ऊन फार होतं.

२८ ऑगस्ट

फादर प्लाचिदो म्हणाले, ख्रिस्त कुठेही जात नाही. बिशपांच्या कचेरीत कळवलं. दिवा लावला.

पाहुण्यांच्या निरोपाच्या जेवणात दोत्तोरेंनी भाषण केलं. "काल एक फेरारो पुढे आला नाही असं कोणी म्हणू नये! मी विचार केला. लोहारशाळेच्या ओट्यावर सापडलेलं मूल, ते फेरारोंचं नाही तर कोणाचं असणार?"

कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. लोहारशाळा दोत्तोरेंच्याच घराण्याची. बाचिचा आपल्या बशीत बघत म्हणाला, "हे आम्ही शंभरावर वर्षं कुजबुजत होतो, दोत्तोरे. तुम्ही तर माईकवर सांगितलंत." आजी मान डोलावत होत्या. दोत्तोरे कानापर्यंत लाल झाले. "भावार्थाने! मी भावार्थाने म्हणालो!"

नंतर बाजूला घेऊन म्हणाले, "तुझं नाव फेरारो करून टाकू. कागद मी करतो. नियमही राहील."

मी नको म्हणालो. लोहारशाळा केव्हाच बंद पडली, आमच्या नावातलं काम मात्र देव अजून करतो आहे. आणि हे नाव मुलाला ओट्यावरून उचलून घरात घेताना दिलेलं आहे. असं नाव परत करता येत नाही. दोत्तोरेंना वाईट वाटलं, पण थोडं बरंही वाटलं असावं.

१० सप्टेंबर

बैठक. पेलायला मी, मला सुट्टी हवी तेव्हा ओरासिओ. तो हिवाळाभर राहून पाय तयार करणार आहे; बैठकीच्या वेळीही चढावर धावायला गेला होता. नियमाचं काय, असं दोत्तोरेंनी विचारलं. बाचिचा म्हणाला, "नियमाला संग्रहालयात पाठवा, हवा मोजून मिळते."

मग प्रश्न आला पालटकऱ्याचा. जो सरळ कण्याने, गुडघ्यांतून, धक्का न देता उचलेल असा कोण? मी म्हणालो, असं गावात एकच माणूस आहे, दोइना.

दोत्तोरे उभेच राहिले. "बाई? परदेशी? आणि तीही ऑर्थोडॉक्स?"

दोइना आजींच्या खुर्चीमागे उभी होती. "दोत्तोरे," ती म्हणाली, "या खोलीत लोहाराचं नाव लावणारी आणि गुडघे शाबूत असणारी मी एकटीच आहे. मोजून बघा."

दोत्तोरेंनी खरोखरच सगळ्यांवरून नजर फिरवली. मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि खाली बसले.

आता ती आठवड्यातून तीनदा संध्याकाळी सरावाला येते. तेल खूप लागतं आहे.

१९ ऑक्टोबर

गावात एक विचित्र खोड लागली आहे. पाववाला दारात येऊन "क्रूसकऱ्याचा पाव!" असं ओरडतो. परवा दवाखान्यात बाईंनी यादी वाचली तर "क्रूसकरी कोण?" असं विचारलं, आणि चारजणांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी प्रत्येकाला शांतपणे सांगतो की माझं आडनाव दियोतालेवी. ते "हो हो" म्हणतात. थट्टा करत असतील. करू देत, थट्टेने कोणाचं नाव बदलत नाही.

आज वरच्या शेताची भिंत रचत होतो. हातात कोपऱ्याचा दगड होता, बरोबर बसत होता. खालच्या वळणावरून दोइनाने हाक मारली, "ओ क्रूसकरी, सूप निवतंय!"

"आलो!" मी म्हणालो. दगड खाली ठेवून चार पावलं उतरलो, तेव्हा कुठे लक्षात आलं, की तिने माझं नाव घेतलंच नव्हतं.